पिल्लू पोरानं आणलं, पाया घालायचा कुणी?

आम्ही मौद्याच्या बचत गटातल्या मैत्रिणी बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, 'हे काय बाप्पा, पापड-शेवया सोडून या कुत्र्याच्या पिल्लावर बोलायला लागल्या!' पण जरा थांबा. धान घरात आलं, थंडी पडली, की गावात कुत्र्यांना पिल्लं होतात. शाळेतून येताना पोट्टा एक पिल्लू सदऱ्यात लपवून आणतो. 'आई, मी याला शर्यतीत पळवणार' म्हणतो. आठ दिवस कौतुक चालतं. मग पोट्टा शाळेत, त्याचा बाप शेतात, अन् पिल्लू कुणाच्या पायात? आपल्या. त्याला खाऊ घालायचं आपण, त्याची घाण काढायची आपण, रात्री ते रडलं तर उठायचंही आपणच. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आधी आमची गोष्ट सांगतो. काही हिवाळ्यांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका कुत्रीला पाच पिल्लं झाली. आई गावठी, बाप कारवानच्या रक्ताचा. म्हणजे लांब पाय, निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट. आमच्या गटातल्या पाच घरांत ती पाच पिल्लं आली. एका पोराला कुत्रा शर्यतीत पळवायचा होता. एका पोरीनं मोबाईलवर अडथळ्यांवरून उड्या मारणारा कुत्रा पाहिला होता, तिला तसा हवा होता. एकाला पोलिसांच्या कुत्र्यासारखा वास काढणारा पाहिजे होता. वर्ष सरलं तेव्हा पाचांतलं एक मेलेलं होतं, एक मागच्या पायानं लंगडत होतं आणि एक साखळीला होतं, त्याच्याजवळ जायला लेकरं भीत होती. दोन तेवढी नीट निघाली. आई एक, रक्त एक, गावही एकच. फरक पडला तो पहिल्या चार महिन्यांत, आणि ते चार महिने पिल्लं आमच्याच अंगणात होती. म्हणून यात आमचीही चूक आहे, आणि ती तुमच्यापासून लपवायची नाही असं आम्ही ठरवलंय.

पाया म्हणजे काय?

खेळाचा कुत्रा म्हटलं की डोळ्यांसमोर उड्या येतात. पाया म्हणजे उड्या नव्हेत. आपल्याकडे गोऱ्हा शिकवताना जाणता माणूस पहिल्याच दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. आधी दावं, मग माणसाचा हात, मग रस्ता, गाडीचा आवाज, आणि ओझं सगळ्यात शेवटी. पिल्लाचंही तसंच आहे. त्याच्या पायात चार गोष्टी येतात: जगाची भीती नसणं, माणसावर विश्वास असणं, नाव घेतलं की पळत येणं, आणि स्वतःच्या चारही पायांचं भान असणं. एवढं झालं की पुढे शर्यत, अडथळे, वास काढणं, राखण, काहीही शिकवता येतं. एवढं झालं नाही, तर मोठ्या उस्तादाच्याही हातून फार काही होत नाही.

अडथळ्यांचा खेळ तसा फार जुना नाही. १९७८ साली लंडनच्या 'क्रफ्ट्स' नावाच्या श्वान प्रदर्शनात तो पहिल्यांदा दाखवला गेला. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून तो सुचला होता. आज जगभर हा खेळ चालतो, आणि आपल्या देशातल्या मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांतही तो पाहायला मिळतो. त्यात कुत्रा एकटा धावत नाही. माणूस बाजूनं धावतो, हातानं-आवाजानं वाट दाखवतो. म्हणजे हा जोडीचा खेळ आहे. जोडी जमायला सुरुवात कुठून होते? घरच्या चुलीपासून.

दोन महिन्यांच्या आत आणू नका

आमची पहिली चूक इथेच झाली. पाचांतलं एक पिल्लू पाच आठवड्यांचं असतानाच उचलून आणलं. 'लहान आणलं की लवकर माया लागते' असं आम्हाला वाटलं. पण पाच ते आठ आठवड्यांत पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळतं. जोरात चावलं की दुसरं कुईं करून खेळ सोडतं, आई गुरकावते. दात किती जोरानं लावायचे हे ते तिथं शिकतं. जे पिल्लू आम्ही लवकर आणलं, तेच पुढे कडकडून चावणारं झालं. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडू नका. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी सरकारनं २०१७ मध्ये नियम केले, त्यांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे.

निवडताना सगळ्यात दांडगं किंवा कोपऱ्यात दबून बसलेलं पिल्लू शक्यतो नको. जवळच ताट वाजवून पाहा. जे दचकेल, पण थोड्या वेळानं 'काय आहे' म्हणून पाहायला येईल, ते घ्या.

तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत

ही आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, नीट ऐका. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९६१ साली त्यांनी एक प्रयोग छापला. कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात पिल्लं आईजवळ वाढवली, खाणं-पाणी मिळायचं पण माणसाचा सहवास नाही. मग वेगवेगळ्या वयाची पिल्लं आठवडाभर माणसांत आणली. काही दोन आठवड्यांची, काही पाच, काही सात, काही नऊ. जी चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसांत आलीच नाहीत, ती रानातल्या जनावरासारखी झाली. माणूस दिसला की पळायची, आणि नंतर कितीही माया केली तरी ती भीती पुरती गेली नाही.

म्हणजे पिल्लाच्या मनाचं दार तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतं आणि बारा-चौदा आठवड्यांनी लोटलं जातं. त्या काळात जे गोडीनं पाहिलं ते आपलं वाटतं, जे पाहिलंच नाही ते परकं आणि भीतीचं वाटतं.

आता आपल्याकडचा हिशेब बघा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला झालेलं पिल्लू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरी येतं. म्हणजे दार लोटायला जेमतेम महिना-दीड महिना उरतो. पण हाच महिना संक्रांतीचा! हळदीकुंकवाला घरी पन्नास बाया येतात. कुणाचं लुगडं, कुणाचा पंजाबी ड्रेस, कुणाच्या बांगड्यांचा आवाज, कुणाच्या काखेत लेकरू. आमच्यातल्या एकीनं काय केलं, वाणाच्या ताटाशेजारी एका वाटीत उकडलेल्या अंड्याचे बारके तुकडे ठेवले. आलेल्या बाईनं आधी तिळगूळ घ्यायचा, मग एक तुकडा खाली धरायचा. पिल्लू आपणहून आलं तर द्यायचा. आलं नाही तर ओढायचं नाही. रथसप्तमीपर्यंत ते पिल्लू असं झालं, की नवीन माणूस दिसला की शेपूट हलवत यायचं. खर्च आला दोन-चार अंड्यांचा.

अशी यादी तुम्हीही करा. छत्री उघडणं, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारा म्हातारा, शाळेच्या गणवेशातली लेकरं, कोंबड्या, शेळी, बैल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पिठाची गिरणी, भजनाचे टाळ-मृदंग, लग्नाचा बँड, महामार्गावरचे ट्रक. पाय ठेवायला वेगवेगळी जमीन: तणसाचा ढीग, टिनाचा पत्रा, बारदाना, ओली बांधी, गोटे, फरशी. कन्हान नदीच्या काठावरची वाळू. आवाजाच्या बाबतीत एक पथ्य पाळा. आधी लांबून, हळू, आणि सोबत खाऊ. बँडच्या पुढ्यात नेऊन उभं केलं तर सवय होत नाही, धसका बसतो. पिल्लू शेपूट पायात घालून मागं ओढू लागलं, की समजा आपण फार जवळ आलो. दहा पावलं मागं या.

लस चुकाऱ्यासाठी थांबत नाही

आता जे पिल्लू मेलं त्याची गोष्ट. आम्हाला लस माहीत होती. पण त्या दिवसांत हातात पैसा नव्हता. धान केंद्रावर दिलं होतं, चुकारे आले नव्हते. 'चुकारा आला की लस देऊ' म्हणत तीन आठवडे गेले. एके दिवशी पिल्लानं खाणं टाकलं. उलट्या झाल्या. संध्याकाळी रक्ताची, घाणेरड्या वासाची हगवण सुरू झाली. आम्ही म्हटलं, काहीतरी खाल्लं असेल, दही-भात दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. ज्या पोरानं आणलं होतं तो दोन दिवस जेवला नाही.

त्या रोगाचं नाव पार्व्हो. तो विषाणूचा रोग आहे, आणि त्याचे विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात. बुटाला, चाकाला लागूनही ते घरात येतात. उपचार वेळेवर झाले, सलाईन लागलं, तर पिल्लू वाचू शकतं. पण लस त्याहून कितीतरी स्वस्त. म्हणून हे लिहून घ्या:

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना. मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. तिचा पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू होतं, पहिले काही डोस दर पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. आपल्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वजन करून नेमकं किती द्यायचं ते विचारा. मोठं दुखणं असलं तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

इथे एक ताई हमखास विचारतात, 'लसी पुऱ्या व्हायच्या आधी बाहेर नेऊ नका म्हणता, आणि चौदा आठवड्यांच्या आत सगळं दाखवा म्हणता. मग करायचं काय?' प्रश्न बरोबर आहे. उत्तर आहे टोपली! पिल्लाला टोपलीत किंवा कडेवर घेऊन जा. ट्रक दाखवा, बँड ऐकवा, पण जिथं भटकी कुत्री हगतात-मुततात तिथं खाली सोडू नका. आपल्या स्वच्छ अंगणात, लस झालेल्या शांत कुत्र्यासोबत खेळू द्या. रोगही टळतो आणि दारही उघडं राहतं.

आणि रेबीजबद्दल एक वाक्य, जे गटातल्या प्रत्येकीला पाठ पाहिजे. कुत्रा चावला किंवा दाताचा ओरखडा निघाला, मग तो घरचा का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. तिखट, चुना, हळद, तंबाखू काहीही भरायचं नाही. डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पुरे करायचे. रेबीज एकदा उमटला की जवळजवळ कुणीच वाचत नाही. वेळेत घेतलेली लस मात्र वाचवते.

रोजचे खेळ

आता शिकवणं. यासाठी वेगळा वेळ काढायला नको. भात शिजेपर्यंत दोन मिनिटं, गाय दोहून झाल्यावर दोन मिनिटं, दिवाबत्तीच्या वेळी दोन मिनिटं. एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नाहीच. पिल्लाला अजून हवं असतानाच खेळ थांबवा, म्हणजे उद्या ते धावत येतं. पिल्लू दिवसातून अठरा तासांच्या आसपास झोपतं, ती झोप मोडू नका. बक्षीस म्हणून उकडलेलं अंडं किंवा कोंबडीच्या मांसाचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे पुरतात.

पहिला खेळ नावाचा. नाव घेतलं, पिल्लानं पाहिलं, जिभेनं 'टॉक' आवाज करायचा आणि लगेच तुकडा. तो 'टॉक' म्हणजे 'शाब्बास, बरोबर!' पिल्लानं काम केल्यावर क्षणाच्या आत हा आवाज गेला पाहिजे. उशिरा दिलेलं बक्षीस भलत्याच कामाला लागू होतं. पिल्लू बसलं, तुम्ही डब्यात हात घालून तुकडा शोधत राहिलात, तोवर ते उठून उडी मारतं, आणि तुम्ही तेव्हा तुकडा दिलात, तर ते उडी मारायला शिकलं.

दुसरा खेळ बोलावण्याचा. आमच्या एका घरी आजी 'यू यू' करायची, बाप 'इकडं ये' म्हणायचा, पोट्टा 'कम' म्हणायचा. बिचारं पिल्लू कुणाकडंच जात नव्हतं! घरात सगळ्यांनी बसून एकच शब्द ठरवा. दोघी जणी अंगणाच्या दोन टोकांना बसा आणि आळीपाळीनं बोलवा. आलं की खाऊ, माया, आणि परत मोकळं सोडा. सोन्यासारखा नियम असा की बोलावून कधीही मारायचं नाही, बांधायचं नाही, औषध पाजायचं नाही. ते करायचं असेल तर आपण उठून त्याच्याजवळ जायचं. 'ये' या शब्दानंतर वाईट काही घडत नाही, हे त्याला पक्कं कळलं पाहिजे. शर्यतीच्या मैदानावर दहा कुत्री भुंकत असताना त्यानं आपल्याकडं यावं असं वाटत असेल, तर त्याची सुरुवात इथे आहे.

तिसरा खेळ ओढाओढीचा. जुन्या लुगड्याची वेणी घाला. पिल्लानं एक टोक धरायचं, एक आपण. वर उचलायचं नाही, झटके द्यायचे नाहीत, दुधाचे दात असतात. मध्येच हात सैल सोडून तुकडा पुढं करायचा आणि 'सोड' म्हणायचं. सोडलं की 'टॉक', तुकडा, आणि परत वेणी हातात. त्याला कळतं की सोडलं तर खेळ संपत नाही. खेळाच्या कुत्र्याला ही ओढ लागते, आणि घरच्या लेकराच्या हातातली भाकर सोडायलाही हाच शब्द कामी येतो.

चौथा खेळ पायांचा. पिल्लाला पुढचे पाय कळतात, मागचे पाय आपले आहेत हे त्याला ठाऊकच नसतं! बांबूची शिडी जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्या पायऱ्यांमधून हळूहळू चालवा. एका फळीखाली मधोमध चपटी वीट ठेवा, फळी किंचित डुगडुगली पाहिजे. पिल्लानं आपणहून एक पाय ठेवला तरी शाब्बास म्हणा. ढकलून चढवू नका. उलटी घमेली, पोतं, टायर यांवर पुढचे दोन पाय ठेवायला शिकवा. डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही अंगांनी गोल फिरवा. यात उडी कुठेच नाही, पण पुढच्या सगळ्या उड्या सावरतात त्या यामुळेच.

पाचवा खेळ नाकाचा. तणसाच्या ढिगात चार तुकडे लपवा आणि 'शोध' म्हणा. कुत्र्याचं नाक आपल्याहून कितीतरी तिखट असतं. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला 'जंजीर' तुम्ही ऐकला असेल. तो लॅब्राडोर जातीचा होता, पुण्याच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या तपासात त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून दिलं. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला. एवढ्या मोठ्या कामाच्या मुळाशीही 'शोधलं की आनंद मिळतो' हाच लहानसा खेळ असतो. उन्हात, पावसात बाहेर जाता येत नसेल तर हा खेळ घरातच खेळा. पिल्लू पंधरा मिनिटं हुंगलं तरी निवांत झोपतं.

आणि सहावा, जो सगळ्या जणी विसरतात, तो शांत बसण्याचा. एक बारदाना हाच त्याचा आसन. त्यावर बसलं की आपण काही न बोलता तुकडा ठेवायचा. आपण भाकरी थापतोय आणि ते बारदान्यावर पडून आहे, हेही शिक्षणच. खेळाच्या मैदानावर धावायला काही क्षण लागतात, बाकी दिवस वाट पाहण्यातच जातो. सोबत रोज कान, दात, पंजे, शेपटीखालची जागा हातानं पाहायची आणि खाऊ द्यायचा, म्हणजे डॉक्टरांकडं तोंड बांधायची वेळ येत नाही.

हाडं कच्ची असतात

लंगडणाऱ्या पिल्लाची गोष्ट सांगायची राहिली. ते सगळ्यात चपळ होतं. पाचव्या महिन्यातच पोरगा मोटारसायकल काढायचा आणि त्याला दोरीनं बांधून कालव्याच्या रस्त्यानं पळवायचा. 'दम वाढतो' म्हणायचा. आम्हीही ओट्यावर बसून कौतुकानं पाहत होतो. दोन महिन्यांत ते मागचा पाय उचलून चालायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, वाढत्या हाडाला इजा झाली.

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेचा थर असतो. हाड तिथून वाढतं. त्यावर सारखे दणके बसले, पाय मुरगळला, तर वाढ वाकडी होते किंवा थांबते. लहान चणीच्या कुत्र्यात हा थर आठ-दहा महिन्यांत भरतो, मध्यम कुत्र्यात वर्षाच्या सुमारास, थोराड कुत्र्यात दीड वर्षापर्यंतही लागतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या अडथळ्यांच्या स्पर्धेत अठरा महिने पुरे झाल्याशिवाय कुत्र्याला उतरूच देत नाहीत. तिथं नियम आहे, आपल्या अंगणात तो नियम आपण करायचा.

मग पिल्लाला पळू द्यायचं नाही का? द्यायचं! मऊ जमिनीवर, मोकळं, त्याच्या मनानं. दमलं की ते बसतं. बंदी कशाला? गाडीमागं पळवणं, डांबरी रस्त्यावर लांब पळवणं, ओट्यावरून-पायऱ्यांवरून उड्या, चेंडूसाठी हवेत कोलांट्या, आणि गुळगुळीत फरशीवर घसरणं. दांडी शिकवायची तर ती जमिनीवर ठेवून तिच्यावरून चालवा. पोट्ट्याला सांगा, 'वर्षभर थांब, मग आठ वर्षं पळव.' घाई केली तर वर्षातच संपतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. नुसती दूध-पोळी पुरत नाही. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा. भात-पोळीसोबत अंडं, शिजवलेलं मांस किंवा मासळी हवी, डाळही घालता येते. शिजलेली हाडं देऊ नका, त्यांचे तुकडे टोचतात. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला बाधतं. कॅल्शियमची पावडर मनानं घालू नका, जास्त झाली तर हाडांचंच नुकसान होतं. बरगड्या हाताला लागाव्यात पण उठून दिसू नयेत, असं अंग ठेवा. लठ्ठ पिल्लाच्या सांध्यांवर भार पडतो.

मार, साखळी आणि कायदा

साखळीला बांधलेल्या कुत्र्याची गोष्ट सगळ्यात अवघड आहे. पाच आठवड्यांचं आणलेलं ते हेच. चावतं म्हणून मारलं, मारलं म्हणून भ्यायलं, भ्यायलं म्हणून जास्त चावलं. मग दिवसभर साखळी. एक दिवस शेजारच्या लेकरानं त्याच्या ताटलीजवळ हात नेला आणि हाताला टाके पडले. लेकरू वेळेत दवाखान्यात गेलं, निभावलं. पण त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद होतं, ते कसंबसं या दिवाळीला सुरू झालं.

आम्ही शिकलो ते असं की गुरगुरणं ही कुत्र्याची वॉर्निंग असते. तिला मारलं तर वॉर्निंग जाते, चावणं राहतं. पिल्लू चावलं तर 'आऊ' म्हणून हात काढून घ्या, अर्धा मिनिट पाठ फिरवा, मग चावायला वेणी द्या. जेवताना ताटली हिसकू नका. जवळून जाताना उलट एक चांगला तुकडा टाका. लहान लेकरू आणि पिल्लू कधीही एकटं सोडू नका, कितीही गुणाचं असो.

पोट्ट्यांना कायदाही सांगा. कुत्र्यांची झुंज लावणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. ससा, रानडुक्कर यांच्यामागं कुत्रा सोडून शिकार करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. 'गंमत म्हणून' गेलेल्या पोराच्या मागं पोलीस-कोर्टाचं झंझट लागतं, आणि ते निस्तरायलाही पुन्हा आईच असते. खेळ खेळायचा तर उघड्यावर, नियमाचा, बिनझुंजीचा खेळा.

गावठीही कमी नाही

एक मैत्रीण म्हणाली, 'आमचं तर गावठी आहे, त्याला कोण विचारतं?' असं नाही. आपल्या मातीतल्या कुत्र्यांकडं आता लोक मानानं बघायला लागलेत. सीमेपलीकडच्या मुधोळचा लांब पायांचा कुत्रा आणि आपल्याकडचा कारवान एकाच वळणाचे. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. पुढे सैन्यानंही मुधोळची पिल्लं शिकवायला घेतली. गावठी कुत्रा काटक असतो, आपलं ऊन सोसतो आणि चटकन शिकतो. त्याला वंशावळीचा कागद नसेल, पण पाया घालायला कागद लागत नाही.

आमची जी दोन नीट निघाली, त्यांतली एक त्या पोरीची. तिनं दीड वर्ष वाट पाहिली. बांबू आणि जुन्या टायरांचे अडथळे परसात मांडले. मागच्या हिवाळ्यात ती कुत्रीला घेऊन नागपूरला एका श्वान प्रदर्शनात गेली. बक्षीस मिळालं नाही. एका अडथळ्याजवळ कुत्री थांबली आणि लोकांकडं बघत राहिली. पोरीनं नाव घेतलं, तशी ती गर्दीतून सरळ तिच्या पायाशी आली. महागाच्या कुत्र्याचे मालक विचारत होते, 'कुठली जात?' पोरगी म्हणाली, 'मौद्याची!' दुसरा शर्यतीत पळालाच नाही. तो रात्री शेतावर जातो, रानडुकरं आली की बांधावरून भुंकून उठवतो आणि बोलावलं की मागं फिरतो. खेळाचा नाही झाला, कामाचा झाला. पाया वाया जात नाही.

आणि जो साखळीला होता, त्याच्यावर आता आम्ही सगळ्या मिळून मेहनत घेतोय. डॉक्टरांचा सल्ला घेतला, कुंपणाच्या आत मोकळं ठेवतो, लांबूनच तुकडा टाकतो. जे काम दीड महिन्यात झालं असतं त्याला आता वर्ष उलटलं, तरी पुरतं नाही. परवा त्यानं पहिल्यांदा आमच्यातल्या एकीच्या हातून खाल्लं. एवढ्यावरही आम्ही खूश आहोत.

तर बायांनो, या हिवाळ्यात पोरगं पिल्लू घेऊन दारात उभं राहिलं, तर हाकलू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. आधी तीन प्रश्न विचारा: आठ आठवडे झाले का? लसीचे पैसे कुठून आणायचे? आणि वर्षभर उडी न मारता थांबशील का? आमच्या गटानं आता लसीसाठी दरमहा थोडी वेगळी रक्कम बाजूला ठेवायला सुरुवात केलीय, म्हणजे चुकाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. तुमच्या गटातही हा विषय पुढच्या बैठकीत काढा. तुमच्या अंगणातल्या पिल्लांचं काय झालं, तेही आम्हाला कळवा. चला, भाकरीची वेळ झाली. नमस्कार!